बडोद्याला जाणारा आवाज

निवृत्ती कोळपे, म्हणजे आबा, कधी कुणाचं दार वाजवत नसत.

शिरूरला त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी माझा दिवा गेला, आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. मला वाटलं, वायरिंग खराब आहे. जिन्यातून खाली डोकावले तर घरमालक मीटरजवळच्या बटणावर हात ठेवून वर बघत उभे होते. उंच, काटक, डोक्याला पांढरी टोपी, अंगात कोपरापर्यंत दुमडलेला निळसर सदरा.

"च्या झालाय. या खाली," ते म्हणाले.

मी खाली गेले. ते खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले. बघत काय, निरखतच होते. मी जरा अवघडले. मी चहा पिता पिता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळून काहीतरी विचारलं, तर ते गप्प. पुन्हा त्यांच्याकडे वळले तेव्हाच उत्तर आलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकायला कमी येत असणार. म्हणून मी मोठ्यानं बोलायला लागले.

"मॅडम, मला चांगलं ऐकू येतंय," आबा हसून म्हणाले. "ऐकू येत न्हाई ते माझ्या पोरीला. ती गेली सासरी, पर सवय काय जात न्हाई."

मग हळूहळू त्यांच्या सगळ्या सवयींचा उलगडा झाला. जन्मापासून बहिरी असलेली एकुलती एक मुलगी, वनिता. तिला हाक मारायची तर दिव्याचं बटण खालीवर करायचं. ती पाठमोरी असली तर जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे फरशीचा हादरा तिच्या तळपायाला कळतो. तिच्याशी बोलायचं तर समोर यायचं, तोंड उजेडात ठेवायचं. आणि हातात काही धरायचं नाही. ही शेवटची सवय मला फार आवडायची. आबा जेवताना कधी बोलायला लागले, की हातातली भाकरी आधी ताटात ठेवायचे, हात मोकळे करायचे, मग बोलायचे. बोलून झालं की भाकरी उचलायची. कुणाही बरोबर. त्यामुळे त्यांचं जेवण फार वेळ चाले. निदान समोर कुणी असलं तर. एरवी एकट्याचं जेवण ते चार घासांत उरकत.

आबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी दौंडला गेली. मीही मूळची दौंडची, वडील शाळामास्तर. त्यामुळे आमचं लवकर जमलं. शिरूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायला लागले होते, आणि शनिवारी न्हावऱ्याच्या रस्त्यानं एस्टीनं दौंडला घरी जायचे. "टेसनाकडं गेलात तर बघून या, आमचं क्वार्टर हाय का पाडलं," ते सांगायचे. मी रेल्वे लाईनच्या कडेनं मुद्दाम जाऊन बघून यायचे. क्वार्टर तसंच होतं. तेवढं ऐकलं की त्यांचं समाधान व्हायचं.

त्या क्वार्टरच्या मागून नगर-मनमाडकडे जाणारी लाईन जाते. मालगाडी तिथं सावकाश चाललेली असते. आबांचा डबा सगळ्यात शेवटचा, गार्डाचा ब्रेकव्हॅन. त्यात माणूस एकटा. लहानगी वनिता क्वार्टरच्या मागं एका दगडावर चढून गाडीच्या शेपटाची वाट बघत उभी असायची. डबा समोर आला की बापलेकीचं बोलणं सुरू. जेवलीस का? आईला सांग, उद्या येतो. अभ्यास कर. आणि ती तिकडून: मला रिबन आण, लाल नको, पिवळी. डबा नजरेआड होईपर्यंत सगळं बोलून व्हायचं.

"एकदा कंप्लेंट झाली," आबा सांगायचे. "एका ड्रायव्हरनं साहेबाला सांगितलं, कोळपे गाडीतनं लायनीवरच्या मानसांना इशारे करतोय. साहेबानं बोलावलं. म्हनला, काय इशारे करता? म्या म्हनलं, साहेब, लेकीला इचारतोय, डाळ खाल्ली का. तर साहेबानं कंप्लेंटचा कागद बाजूला सारला. मग म्हनला, लाल झेंडा तर दाखवत न्हाई ना तिला? मग चालू द्या."

ही जी त्यांची बोली होती, ती त्या तिघांनी मिळून घरातच तयार केली होती. वनिता, तिची आई आणि आबा. बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवतात त्या खुणा वेगळ्या, ह्या घरच्या. दौंड म्हणजे दोन बोटांची फुली, रूळ एकमेकांना छेदतात तशी. शिरूर म्हणजे तळवा आडवा लहरत न्यायचा, घोड नदीसारखा. पप्पा म्हणजे मनगट फिरवून झेंडा गुंडाळायचा. आई म्हणजे उजव्या गालावर एक बोट, कारण तिथं तिला तीळ होता. जगात ही भाषा तीनच माणसांना येत होती.

वनिता पुण्यात शाळेच्या वसतिगृहात असताना तिची आई गेली. ताप आला होता, दोन-तीन दिवसांत सगळं संपलं. आबा मुलीला आणायला पुण्याला गेले. वसतिगृहाच्या बाईंनी तिला अंगणात पाठवलं. बाप एकटाच आलाय हे बघून तिनं गालावर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. आई कुठाय?

"आमच्या बोलन्यात मरन्याला खूनच नव्हती," आबा म्हणाले. त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि त्यांचे हात मांडीवर मोकळे पडले होते. "लागलीच न्हवती कधी. म्या काय करनार? गालावर बोट ठिवलं आन् पंजा आसा हलवला. आई न्हाई. आता साखर संपली तरी आमी आसंच म्हनायचो. गाडी चुकली तरी आसंच. तर तिनं इचारलं, कवा येनार?"



वनिताचं लग्न झालं ते संदीपशी. तोही बहिरा, बडोद्यात एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. मुलगा गुणी होता, आबांना पसंत होता. पण लग्नाची गोष्ट निघाली की आबा एकच आठवण सांगायचे. मांडवात दोन्हीकडचे शंभरेक पाहुणे बहिरे, सगळे शाळेच्या खुणांनी भराभर गप्पा मारतायत, हसतायत, एकमेकांची चेष्टा करतायत. वनिता त्यांच्यात अशी रंगली होती, की तसं तिला त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. "त्या मांडवात बहिरा मीच व्हतो," आबा म्हणायचे. हे ते हसत सांगत. मला मात्र हसू येत नसे.

ती सासरी गेली आणि शिरूरच्या त्या घरात आबा एकटे उरले. पत्नीच्या माहेरचं गाव म्हणून त्यांनी निवृत्तीनंतर इथं घर बांधलं होतं, पण नात्यातली माणसं आपापल्या शेतात आणि रांजणगावच्या कंपन्यांच्या शिफ्टमध्ये गुंतलेली. वनिता मोबाइलवर मेसेज पाठवायची. तिचं लिहिणं तुटक होतं, इंग्रजी अक्षरांत. "पप्पा जेवण. मी बरी. पाऊस खूप." आबा ते माझ्याकडून वाचून घेत आणि पुन्हा पुन्हा बघत. "यात ती दिसत न्हाई," म्हणत. "मी बरी म्हनती. आता बरी म्हनताना तिचं तोंड कसं हाय, ते कोन सांगनार?"

मग एका दिवाळीला जावयानं लॅपटॉप आणला. स्वतःचा जुना, नवा घेतल्यावर सासऱ्यांना दिला. टेलिफोनच्या वायरवरून इंटरनेट घेतलं, बिनवायरचा मोडेम बसवला. आबांनी तो देवाच्या फळीखालच्या कोनाड्यात ठेवला, आणि लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर. जावई जाताना मला खुणेनं सांगून गेला, लक्ष ठेवा.

बडोद्याहून पहिल्यांदा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथंच होते. पडद्यावर वनिता आली आणि दोघं जे सुरू झाले, ते तासभर. मी दाराशी बसून बघत होते. आबांचा चेहरा एरवी लाकडासारखा. आता त्यावर राग, लाड, थट्टा, काळजी, सगळं एकामागून एक येऊन जात होतं. खोलीत आवाज म्हणाल तर फक्त त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या घासल्याचा. लॅपटॉपचा आवाज त्यांनी पहिल्या दिवशीच बंद करून टाकला होता. त्याचं काम काय?

दीडेक वर्षानं तन्वी झाली. आबा बडोद्याला जाऊन आले. परत आले ते जरा विचित्रच अवस्थेत. आनंदलेले, पण घाबरलेले. दिवा लावून-विझवून मला खाली बोलावलं, समोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, पोरीला ऐकू येतंय."

"अहो, मग चांगलंच झालं की आबा!"

"चांगलंच झालं. पर ऐकायला काय हाय त्या घरात?" ते म्हणाले. "आय बोलत न्हाई, बाप बोलत न्हाई. शेजारपाजार गुजराती, तेबी दार लावून. पोर बोलायला शिकनार कशी? डाक्टरनी सांगितलंय, पोरीच्या कानावर बोलनं पडलं पायजे, रोज पडलं पायजे. वनीनं मला हात जोडून सांगितलं. पप्पा, तुमी बोला."

मी म्हटलं, रोज फोन करा आणि फोन तिच्याजवळ ठेवायला सांगा.

"फोनला तोंड न्हाई," आबा म्हणाले. "लहान पोर आवाजाकडं बघतंय. तिथं तोंड दिसाया पायजे."

तेव्हा ठरलं ते असं. दुपारी, तन्वी झोपून उठली की तिकडचा कॉम्प्युटर सतरंजीजवळच्या स्टुलावर चालू ठेवायचा. इकडून आबांनी जोडलं की तिकडे कुणी काही न दाबता आपोआप चित्र आणि आवाज सुरू होईल, अशी सोय संदीपनं केली. मी लॅपटॉपचा आवाज चालू केला. पोर खेळत राहील, वनिता तिचं शिवणाचं मशीन चालवत राहील, आणि आबा बोलत राहतील.

पण बोलणार काय? आयुष्यभर ब्रेकव्हॅनमध्ये एकटा बसलेला आणि घरी हातांनी बोललेला माणूस. पहिल्या दिवशी आबा लॅपटॉपसमोर ताठ बसले, घसा खाकरला, "तन्वी," म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे बघितलं. "पुढं काय?"

"काहीही बोला, आबा. तुम्ही काय करताय तेच सांगा."

मग ते तसंच करायला लागले. आता आबा कांदा चिरतोय. आता आबाच्या डोळ्याला पानी आलं. आता तवा ठिवला. आता भाकरी फुगली बघ, फुगली, फुगली, गेली. स्वयंपाक संपला की पेपर वाचायचा, बाजारभावासकट. पेपर संपला की दौंडपासूनची स्टेशनं म्हणायची: दौंड, काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर. आणि मग आबांना आपल्या वडिलांची मेंढरं आठवली. ते लहान असताना वडील मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचे. तिथून गोष्टी निघायला लागल्या. काळ्या कानाच्या मेंढीची, लांडग्याला घाबरून झोपेतच भुंकणाऱ्या कुत्र्याची, पुरात वाहून जाताना दगडावर अडकलेल्या कोकराची. मेंढरांना हाकताना तोंडानं काढायचे आवाज ते इतके हुबेहूब काढत, की तन्वी हातातलं खेळणं टाकून पडद्याकडे रांगत यायची. वरच्या खोलीत वह्या तपासत बसले की मला खालून आबांचा आवाज ऐकू यायचा. इतकी वर्षं न वापरलेला, जरा खरखरीत आवाज.

त्यात अडचण एकच होती, आणि ती रोजची होती. भारनियमन. दुपारी लाइट जायची. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहायचा, मोडेम मात्र बंद. लाइट आली की मोडेमचे हिरवे दिवे लागायचे, पण लॅपटॉप काही त्याला आपण होऊन जोडून घेत नसे. आबा स्वयंपाकात, पाठ वळलेली. आणि तिकडे आवाज बंद झालाय हे वनिताला कळणार कसं? तिला तर तो आधीही ऐकू येत नव्हता. ती मशीनवर मान खाली घालून बसलेली. पोर मुक्या स्टुलासमोर.

मी सकाळी कॉलेजला जायच्या आधी बसून बघितलं. 'आपोआप जोडा' अशी एक चौकट असते, तिच्यात खूण नव्हती. ती केली. मोडेम बंद करून पुन्हा चालू केला. लॅपटॉप शहाण्यासारखा जोडला गेला. "झालं, आबा," म्हटलं. संध्याकाळी आले तर आबा म्हणाले, "न्हाई झालं." दुसऱ्या सकाळी आणखी शोधलं. वीज वाचवायची म्हणून लॅपटॉप मधूनच आपलं बिनवायरचं कार्ड झोपवतो, तेही बंद केलं. तपासलं. जोडलं गेलं. आणि दुपारी पुन्हा तेच. एकदा मोडेमच बदलून घेतला. सकाळी नीट, दुपारी नाही. मी मुलांना हाच विषय शिकवते आणि मला एका म्हाताऱ्याचा लॅपटॉप सरळ करता येत नाही, म्हणून मी चिडायचे. आबा चिडत नसत. कोपऱ्यातल्या चिन्हावर लाल फुली आली की जोडणी तुटली, एवढं मी त्यांना शिकवलं होतं. ते दर थोड्या वेळानं हात पुसून त्या चिन्हाकडे बघून येत.

एका दुपारी कॉलेजला सुट्टी मिळाली आणि मी लवकर घरी आले. लाइट बहुधा नुकतीच जाऊन आली होती, पंखा हळूहळू वेग घेत होता. स्वयंपाकघरातून आबांचा आवाज येत होता. कोकराची गोष्ट चालली होती. कोकरू दगडावर अडकलंय, पाणी वाढतंय, आय तिकडं काठावर वरडतीय. आबा पाठमोरे, गवार मोडत होते आणि आईचं ओरडणं, कोकराचं ओरडणं, दोन्ही आवाज आलटून पालटून काढत होते. मधे थांबून म्हणाले, "घाबरली का? घाबरू नको. म्या हाय की."

मी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर कुणी नव्हतं. बोलण्याची खिडकी केव्हाच बंद झाली होती. मागं उरला होता तो निळा, रिकामा पडदा.

मी दारातच उभी राहिले. आबा बोलत होते. कोकराच्या बापाला पोहता येत नव्हतं, पण तो पाण्यात उतरला, असं सांगत होते. शेवटी मी फरशीवर पाय आपटला. ते वळले. माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. हातातली गवार परातीत ठेवली.

"कवा गेली?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आबा."

"फुली न्हाई की तिथं," ते चिन्हाजवळ बोट नेत म्हणाले. "चित्र आडकलं तवा म्या बघितलं हुतं. फुली न्हाई म्हनून बोलत राह्यलो."

खरंच फुली नव्हती. चिन्ह म्हणत होतं, जोडलेलं आहे. मी त्यावर टिचकी मारली आणि तेव्हा मला कळलं. लॅपटॉप जोडलेला होता, पण आबांच्या मोडेमला नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नेट कॅफेला. मोडेम बसवायला जो माणूस आला होता, त्या दिवशी आबांची लाईन सुरूच झाली नव्हती. त्यानं लॅपटॉप चालतो का बघायला कॅफेचं जाळं जोडून दिलं होतं आणि ते यादीत सगळ्यात वर राहून गेलं होतं. लाइट गेली की आबांचा मोडेम मरायचा, कॅफे मात्र जनरेटरवर चालू. लॅपटॉप त्याला जाऊन चिकटायचा. जोडून घ्यायला ते जाळं उघडं होतं, पण पुढं इंटरनेटसाठी पासवर्ड मागायचं; तो नसल्यामुळे काहीच मिळायचं नाही. घरचा मोडेम परत जिवंत झाला तरी लॅपटॉप मागं वळून बघायचा नाही, कारण त्याच्या लेखी तो जोडलेलाच होता. आणि मी तपासायची सकाळी, कॅफे उघडायच्या आधी. म्हणून मला तो कधी सापडला नाही.

मी कॅफेचं नाव यादीतून काढून टाकलं. मग मेन स्विच पाडून पुन्हा चालू केला. आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून बघत होतो. मोडेमचा एक दिवा लागला, मग दुसरा. चिन्हावरची फुली थरथरली आणि गेली. मी नाव वाचून बघितलं. घरचंच होतं.

आबांनी बडोदा जोडलं. सतरंजीवर तन्वी बसली होती, स्टुलाकडे तोंड करून. नुसती बसली होती. मागं वनिता शिवत होती, तिची मान खालीच होती.

आबांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. "तिनं कुठवर ऐकलं आसंल?" त्यांनी मला हळूच विचारलं.



"जाऊ द्या," ते म्हणाले. "पयल्यापासनं सांगतो." आणि घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, "एक हुतं कोकरू."

त्यानंतर जोडणी तुटायची, पण आपली आपण परत यायची, आणि आबा पुन्हा बडोदा लावायचे. वर्षभरात तन्वी बोलायला लागली. तिचा पहिला शब्द मी ऐकलेला नाही, पण दुसरा किंवा तिसरा ऐकला. वनिता तिला वरणभात भरवत होती. पोरीनं चमचा ढकलला आणि खणखणीत म्हणाली, "न्हाई!" वनितानं फक्त ओठ हललेले बघितले. ती झटकन पडद्याकडे वळली आणि बापाला विचारलं, काय म्हणाली? आबा हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी पंजा हलवून तिला सांगितलं. नाही, म्हणाली. वनितानं पोरीला असं काही कवटाळलं, की वाटी सांडली. आपली मुलगी बडोद्यात राहून शिरूरच्या वळणाचं मराठी बोलतेय, हे तिला कधीच कळणार नव्हतं. आबांना कळत होतं. "माज्यासारखीच अडानी बोलती," ते मला अभिमानानं सांगत.

तन्वी तीन वर्षांची होत आली तेव्हा उन्हाळ्यात सगळे शिरूरला आले. आबांनी घराला रंग दिला. मी जिन्यात उभी होते. रिक्षातून तन्वी उतरली आणि आबा पुढं झाले, तर ती आईच्या साडीमागं लपली. इतका उंच माणूस तिनं कधी बघितला नसावा. पडद्यावरचे आबा छातीपर्यंतचेच होते. आबांनी हात पुढं केले. ती रडायला लागली. घरात आल्यावर ओट्यावर लॅपटॉप दिसला, तशी तिकडे धावली आणि झाकणावर थापा मारत म्हणाली, "आबा कुठं हाय? आबा, बाहेर या."

वनितानं तिला ओढून आबांसमोर उभं केलं. तिनं मान फिरवली. संदीप कसानुसा हसला. आबा म्हणाले, "आसू द्या, आसू द्या. लांबनं आलीय. दमलीय." आणि ते मधल्या खोलीत गेले. दाराच्या पडद्याआड बसून त्यांनी काय करावं? हळू आवाजात स्टेशनं म्हणायला लागले. दौंड, काष्टी, श्रीगोंदा रोड. तन्वीची रडारड थांबली. बेलवंडी, विसापूर. ती चालत दाराच्या पडद्यापर्यंत गेली, पडदा बाजूला केला आणि बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग पुढचं स्टेशन तिनं सांगितलं.

ते पंधरा-वीस दिवस घर भरलेलं होतं. आबा भाकरी ताटात ठेवून हातांनी लेकीशी बोलत, मग तोंडानं नातीशी, मग पुन्हा हातांनी. दोन्ही पुरवता पुरवता त्यांची भाकरी गार व्हायची. सगळे गेले त्या संध्याकाळी मला वाटलं, आबा दिवा लावून-विझवून मला खाली बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही. मीच खाली गेले. ते ओट्याशी, बंद लॅपटॉपसमोर बसले होते. म्हणाले, "आजून गाडीतच आसतील."

पुढं माझं लग्न ठरलं, दौंडलाच नोकरी मिळाली आणि मी ती खोली सोडली. मधूनमधून फोन करायचे, पण आबांना फोनवर बोलणं जमत नसे. "तोंड दिसत न्हाई," म्हणत आणि ठेवून देत. एकदा भेटायला गेले तेव्हा तन्वी बालवाडीत जायला लागल्याचं कळलं. आता दुपार तिची राहिली नव्हती. संध्याकाळी थोडा वेळ यायची, उड्या मारत, अर्धं गुजराती बोलत. "ही ऐकलीय, दुसरी सांगा," म्हणायची. आबांच्या वडिलांची सगळी मेंढरं सांगून झाली होती. "आता बनवायला लागत्यात गोष्टी," ते म्हणाले. "ह्या वयात. दिसभर इचार करावा लागतोय." वनिताही आता शाळेच्या खुणा जास्त करत होती. दौंडची फुली तिनं परवा केली तेव्हा जरा आठवावं लागलं तिला, असं ते सांगता सांगता थांबले आणि मला म्हणाले, "घ्या, च्या घ्या. गार व्हतोय."

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुण्याहून नगरला एका लग्नाला चालले होते. शिरूर स्टँडवरून एस्टी सुटली आणि घोड नदीच्या पुलावर ट्रकच्या रांगेमागं रेंगाळत चालली होती. पुलाच्या कडेनं एक उंच म्हातारा एकटाच येत होता, हातात बाजाराची पिशवी. आबा होते. मोठमोठ्यानं बोलत होते. शेजारी कुणी नव्हतं. समोरून येणारी दोन कॉलेजची पोरं एकमेकांकडे बघून हसली आणि जरा अंग चोरून पुढं गेली. आबांना त्याचा पत्ता नव्हता. ते मधेच थांबत, मान हलवत, बोललेलं पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं बोलून बघत. मी खिडकीतून हात हलवला, "आबा!" म्हणून हाकही मारली. गाड्यांच्या आवाजात ती पोचली नाही. तेवढ्यात पुढचे ट्रक हलले आणि एस्टीनं वेग घेतला.

मी वळून मागच्या काचेतून पाहिलं. आबांनी पिशवी कठड्याला टेकवून ठेवली होती, आणि दोन्ही हात जेवढे पसरता येतील तेवढे पसरून ते नदीकडे तोंड करून काहीतरी फार मोठं, फारच मोठं असल्याचं सांगत होते.